लाल थराच्या खाली

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, असं मी लग्नानंतर कितीतरी वर्षं लोकांना कौतुकानं सांगत होते. मैत्रिणींच्या नवऱ्यांच्या थापांच्या गोष्टी निघाल्या, की मी आपली ऐटीत चहा पीत बसायची. निरंजनला विचारलं, साडी कशी दिसते, की तो 'बरी नाही' म्हणायचा. वाढदिवसाला काय आणलंस म्हटलं, की बिचारा वेष्टनासकट समोर ठेवायचा. विचारलं की खरं सांगणार, ही त्याची ख्याती होती. न विचारलेल्याचं तो काय करतो, हे कळायला मात्र माझ्या दादाची विहीर आटावी लागली.

करंजओढे हे माझं माहेर. दिवे घाट चढून गेलं की पठारावर अंजिराचे मळे लागतात, त्यांतलं एक लहानसं गाव. गावात जवळपास सगळे कामठे, सगळी एकच भावकी. आई-वडील मी शाळेत असतानाच गेले आणि दादानं अन् शालनवहिनीनं मला वाढवलं. दगडांचं रसायनशास्त्र शिकायचं म्हणाले तेव्हा दादा बराच वेळ डोकं खाजवत बसला. "दगडात काय शिकायचं आसतंय वैजे? आपल्या रानात काय कमी हाईत व्हय?" असं म्हणाला, आणि वसतिगृहात सोडायला मात्र स्वतः आला.

त्याच दगडांनी मला नाव मिळवून दिलं. आपला काळा पत्थर म्हणजे थंड झालेला लाव्हा. थंड होताना त्यातला वायू निघून गेला आणि दगडात बुडबुड्यांएवढी भोकं राहिली. कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून ते पाणी या दगडात सोडलं, की आंबट झालेलं पाणी दगडातलं कॅल्शियम सोडवून घेतं. मग धूर आणि कॅल्शियम यांची मिळून त्या भोकांत पांढरी चुनखडी तयार होते. थोडक्यात, धुराचा दगड होतो. हे जगाला आधीपासून ठाऊक होतं, पण निसर्गाच्या चालीनं त्याला वर्षं लागायची. मी प्रयोगशाळेत एक एन्झाइम घडवलं, ते पाण्यात मिसळलं की तेच काम काही आठवड्यांत उरकायचं. एकदा दगड झाला की पुन्हा धूर होत नाही, हे त्यातलं खरं सोनं होतं.

तो काळच तसा होता. मोठ्या बाजारपेठांनी धुराचा माल घेणं बंद केलं होतं. पोलाद विका, काच विका, खत विका, आधी धूर कुठं गेला ते दाखवा, असा कायदा झाला होता. कारखाने बिऱ्हाड पाठीवर घेऊन देश शोधत फिरत होते. कुणाकडे वाळवंटातलं ऊन होतं, कुणाकडे समुद्रावरचा वारा होता. आपल्याकडे अर्धा महाराष्ट्र भरून काळा पत्थर होता. 'तुमचा कारखाना आणा, तुमचा धूर आम्ही मुरवतो,' असं सांगायला सरकारनं उद्योग-निमंत्रण मंडळ काढलं आणि त्यात निरंजन टिपणीस हा माझा नवरा मोठ्या हुद्द्यावर गेला. आमच्या घरात तेव्हा दिवाळीच होती म्हणायची. शोध माझा आणि निमंत्रण त्याचं.

माझी एकच अट होती. लाव्हा एकदम आलेला नाही. एक लोट आला, थंड झाला, त्यावर माती बसली, मग पुढचा लोट आला आणि ती माती भाजून विटेसारखी लाल झाली. या लाल थरातून पाणी सहसा झिरपत नाही. आमच्या पठाराखाली असा एक जाड थर आहे. त्याच्या वरच्या दगडात विहिरींचं पाणी राहतं. खालच्या दगडात कुणाच्या उपयोगाचं नसलेलं जुनं खारट पाणी आहे. धूर सोडायचा तो लाल थराच्या खाली. वर सोडला, तर जिथं पाणी राहतं तीच भोकं चुनखडीनं बुजतील, आणि मग ती कुणाच्या बापाला मोकळी करता येणार नाहीत. आराखड्याच्या पहिल्याच पानावर मी हे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

पहिली जागा म्हणून करंजओढे निवडलं गेलं. दगड उत्तम होता, रस्ता जवळ होता. नव्या कायद्यानं गावाची संमती लागायची. ग्रामसभेत कॅमेरे लावायचे आणि अधिकाऱ्यानं गावकऱ्यांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं सरकारवर बंधनकारक राहायची. कायदा चांगलाच होता. त्यात एवढंच होतं की विचारायचं गावच्या मतदारानं, आणि जे विचारलं जाणार नाही ते सांगायचं बंधन अधिकाऱ्यावर नाही.

अधिकारी म्हणून मंडळानं निरंजनला पाठवलं. मला त्यात आनंदच झाला.

आता आमच्या गावाचा एक स्वभाव सांगायला हवा. आमच्यात जावयाला जाब विचारत नाहीत. तो एका घरचा जावई असला तरी भावकी एक असल्यामुळं सगळ्या गावाचा असतो. फार पूर्वी एका जावयानं पाहुणचाराला आला असताना 'दूध चांगलं आहे' म्हणून चुलत्यांची म्हैस चार दिवसांसाठी नेली. ती म्हैस, तिची रेडकं आणि त्या रेडकांची रेडकं त्याच्याच गोठ्यात वाढली. कुणी ब्र काढला नाही. उलट दिवाळीला तिच्यासाठी पेंड धाडत होते. शहरातल्या माणसाला हे हसण्यासारखं वाटेल. मीही माझ्या मैत्रिणींना ही गोष्ट हसवायलाच सांगत असे. निरंजननंही ती हसत हसतच ऐकली होती.

सभा खंडोबाच्या देवळापुढं भरली. वहिनी तेव्हा नुकती सरपंच झाली होती. निरंजननं पाऊण तास छान समजावून सांगितलं. मग वहिनीनं विचारलं, "कुणाला काय इचारायचंय का?" आणि सगळी सभा माझ्या नवऱ्याकडं पाहून कौतुकानं हसली. म्हातारे तात्या म्हणाले, "जावईबापूंनी सांगितलं, आता काय इचारायचं?" विषय संपला. मग आमच्या रीतीप्रमाणं बेलभंडार आला. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन बोललेला शब्द आमच्याकडं मोडत नाहीत. जोडीनं शपथ घ्यायची तर नवऱ्यानं बेलभंडार उचलायचा आणि बायकोनं त्याच्या हाताला हात लावायचा. निरंजन म्हणाला, "धुराचा दगड होईल. झालेला दगड पुन्हा वर येणार नाही." मी त्याच्या हाताला हात लावून उभी होते. सगळ्या गावानं हात वर केले.

त्यानंतर छिद्रांचं काम मंडळानं आपल्याकडं ठेवलं आणि मला जगभर फिरवलं. कोपनहेगन, ओसाका, टोरांटो. मी व्यासपीठावर जायची, काळ्या दगडाचा पांढऱ्या ठिपक्यांचा तुकडा दाखवायची आणि म्हणायची, हा एका कारखान्याचा आठवडाभराचा धूर आहे, हातात घेऊन बघा. लोक खरंच हातात घेऊन बघायचे. हेग्लुंड नावाच्या पोलाद कंपनीच्या प्रमुख बाईंनी तर तो तुकडा परत दिलाच नाही, टेबलावर ठेवायला मागून घेतला. त्यांचा कारखाना पहिल्यांदा आला. करंजओढ्याजवळच्या माळावर भट्टी उभी राहिली, गावची पोरं-पोरी कामाला लागली. देशाची छाती फुगली आणि माझीही.

दोन वर्षांनी मी आठवडाभर माहेरी गेले. वहिनीनं पाण्याचा तांब्या दिला. घोट घेतला तर जिभेला मुंग्या आल्या.

"सोडावाटर झालंय पाण्याचं," वहिनी हसून म्हणाली. "पोरांस्नी लई आवडतं. झालं की चारेक म्हैनं."

"आणि मळ्यातली विहीर?"

"ती बसलीया, पाण्यानं तळ गाठलाय. यंदा पाऊसच कुठं झाला धड." वहिनीनं नजर दुसरीकडं वळवली. "तुझ्या दादाला नको इचारू. उन्हाळ्याचा मीठा बहार धरलाय, अंजिरं सुपारीएवढी ऱ्हायलीत. रोज सकाळी काठावर जाऊन बसत्यात."

मी मळ्यात गेले. दादा काठावर बसला होता. माझ्याशी बोलायला म्हणून उठला आणि पुन्हा बसला. विहिरीला जुन्या दगडी पायऱ्या आहेत. मी उतरले. तळाला गुडघाभर पाणी होतं. लहानपणी मी ज्या झऱ्याखाली हात धरायची, त्या उत्तरेच्या अंगाच्या झऱ्यावर पांढरं काहीतरी चढलं होतं, भांड्याला पाण्याचा क्षार चढतो तसं. दुष्काळानं झरा आटतो तेव्हा तिथं भेग उरते. इथं भेगच नव्हती, बूच होतं.

माझ्या पर्समध्ये अतिनील प्रकाशाची लहान बॅटरी असते. खाली सोडल्या जाणाऱ्या पाण्यात मी एका धातूची अगदी थोडी खूण मिसळायला लावली होती. त्यापासून बनलेली चुनखडी त्या प्रकाशात हिरवी चमकते. आपला धूर कुठवर गेला ते शोधायला ती सोय होती. मी बॅटरी लावली. सगळा झरा हिरवागार उजळला. पायऱ्यांच्या फटीसुद्धा चमकत होत्या.

वरून दादानं विचारलं, "काय गं, काय दिसतंय का?"

मी चुनखडीचा एक तुकडा काढून पदरात बांधला आणि वर आले. दादानं पुन्हा विचारलं नाही. त्याला वाटलं मी रडतेय ती विहिरीसाठी.

रविवारी सकाळी मी पुण्याच्या घरी पोचले तेव्हा निरंजन मटार सोलत होता. रेडिओवर गाणी लागली होती. मी तो तुकडा मटाराच्या ताटात ठेवला.

"धूर कुठल्या थरात सोडताय?"

"वरच्या," तो म्हणाला. लगेच, एका क्षणाचाही विचार न करता. नेहमीसारखंच खरं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून." त्यानं रेडिओ बंद केला. "खालपर्यंत छिद्र पाडायची यंत्रं मिळायला दीड-दोन वर्षं लागत होती. हेग्लुंडबाई दुसऱ्या एका देशाशी बोलत होत्या. एकदा पहिला कारखाना गेला असता तर मागचे सगळे गेले असते. मंडळानं ठरवलं, सुरुवात वरच्या थरात करू, मग खाली जाऊ. नंतर कुणाला घाई राहिली नाही."

मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. दाताचा डॉक्टर जसं प्रत्येक दाताला ठोकून बघतो, तसं मी एकेक ठिकाण ठोकून बघत होते, आणि प्रत्येक ठिकाणी दुखत होतं.

"बेलभंडार उचललास तेव्हा हे ठरलं होतं?"

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"हो." मग तो थोडा रागावला. "पण मी खोटं काही बोललो नाही, वैजू. धुराचा दगड होईल म्हणालो, झाला. वर येणार नाही म्हणालो, आला नाही. कुठल्या थरात सोडणार, असं एकानं जरी विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. कुणीच विचारलं नाही."

"जावयाला कुणी विचारणार नाही, हे तुला माहीत होतं."

तो खाली बघून मटार सोलायला लागला. दोन शेंगा सोलल्या.

"मी मंडळात ती म्हशीची गोष्ट सांगितली होती," तो म्हणाला. "गंमत म्हणून. मग त्यांनी मलाच पाठवलं."

"आणि तू गेलास."

"आणि मी गेलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू भाषणं थांबवली असतीस." तो माझ्याकडं पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "तुझ्याच गावची किती पोरं कामाला लागली बघ. सगळ्या राज्यात किती लागली. एका पठारावरच्या काही विहिरींसाठी एवढं सोडून द्यायचं? तूच सांग. मी हे माझ्यासाठी केलेलं नाही."

त्यातलंही काही खोटं नव्हतं. म्हणूनच मला त्याचा इतका संताप आला. एखाद्या बाईशी लफडं निघालं असतं तर मी भांडी तरी फेकली असती. इथं त्यानं माझंच हसणं, माझ्याच गावाची माया आणि माझ्या हाताचा स्पर्श वापरला होता आणि वर हिशेब चोख ठेवला होता. त्याच्या हाताला माझा हात लागलेला होता. गावानं शपथ माझ्या नावावर मांडली असणार, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

मी मंडळाकडं तक्रार केली. उत्तर आलं की सगळं काम ग्रामसभेच्या संमतीनुसार चालू आहे आणि संमतीत थराचा उल्लेख नाही. शिवाय एक बातमी कळली. येत्या गुरुवारी करंजओढ्यात पुन्हा सभा होती. आणखी सहा कंपन्या यायच्या होत्या आणि गावाच्या पूर्वेला, पिण्याच्या विहिरीच्या अंगाला, नवी छिद्रं पाडायला संमती हवी होती. संमती झाली की ती विहीरही वर्षभरात बुजली असती. मग टँकरशिवाय गावाला गती नव्हती. सभेला अधिकारी म्हणून पुन्हा निरंजनच जाणार होता.

मी बुधवारी माहेरी गेले आणि दादा-वहिनीला समोर बसवून सगळं सांगितलं. वहिनीच्या हातात निवडायला घेतलेले तांदूळ होते, ते तसेच राहिले. दादा ऐकता ऐकता एकदम म्हातारा दिसायला लागला.

"म्हंजी आपल्या हिरीत त्यो कारखान्याचा धूर बसलाय?" त्यानं विचारलं.

"हो."

"निघंल का?"

"नाही दादा. तो निघत नाही."

मग वहिनी बोलली, आणि तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तुझा हात व्हता वैजू त्यांच्या हाताला. गावानं पाव्हण्याकडं बघून न्हाई, तुझ्याकडं बघून हात वर केलं."

"मला ठाऊक नव्हतं, वहिनी."

"मला कळतंय गं तुला ठावं नव्हतं ते. गावाला कसं कळावं?" तिनं ताट खाली ठेवलं. "लगीन ठरलं तवा भावकी आडवी झालती. दुसऱ्या जातीत पोरगी देताय म्हून तुझ्या दादाशी सहा म्हैनं कुणी बोललं न्हाई. मी एकेकाच्या दारात गेले. म्हणलं, पोरगा सोन्यासारका हाय, खोटं बोलत न्हाई."

मी वहिनीला म्हणाले, उद्या सभेत त्याला विचार. तू सरपंच आहेस. नुसतं विचार, कुठल्या थरात. तो खोटं बोलणार नाही. त्याचं उत्तर कॅमेऱ्यात आलं की सरकारला नाकारता येणार नाही.

"तूच इचार की."

"माझं मत पुण्यात आहे. मला सभेत बोलता येतं, विचारता येत नाही."

वहिनी दादाकडं पाहायला लागली. दादा मान खाली घालून बसला होता.

"पाव्हण्याला?" तो म्हणाला. "भर सभेत? सगळ्या गावादेखत, परक्या लोकांदेखत? वैजे, माझी जीभ उचलायची न्हाई. हिर गेली ती गेली. घरच्या जावयाला आरोपीवानी हुबा केला, असं उद्या कुणी म्हणलं तर मी काय तोंड दाखवू?"

"पिण्याचं पाणी जाईल, दादा."

"कळतंय मला," तो म्हणाला. "पर जावई हाय गं त्यो."

मला दादाचा राग यायला हवा होता, पण आला नाही. निरंजननं नेमकं याच माणसाला ओळखून ठेवलं होतं. दर दिवाळीला ज्याच्या घरचं पुरण खाल्लं, त्याच्या संकोचावर त्यानं भोक पाडायचं यंत्र बसवलं होतं.

गुरुवारी सभेला मांडव घातला होता. पुढच्या खुर्च्यांवर कंपन्यांचे पाहुणे कानात दुभाषी यंत्रं घालून बसले होते. हेग्लुंडबाई मला पाहून हसल्या, हात हलवला. निरंजन गाडीतून उतरला तेव्हा नेहमीप्रमाणं दादा पुढं झाला. पायांवर पाणी घातलं, टॉवेल दिला. निरंजननं वाकून नमस्कार केला. मला वाटलं, या माणसाला थोडीसुद्धा लाज नाही. मग पाहिलं तर टॉवेल परत देताना त्याला दादाकडं बघता येत नव्हतं. लाज होती. तिचाही त्यानं हिशेब करून ठेवला असावा.

त्यानं पुन्हा छान समजावून सांगितलं. किती कंपन्या, किती रोजगार, जगाच्या नकाशावर करंजओढे. सगळं खरं. वहिनी टेबलामागं बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "कुणाला काय इचारायचंय का?"

ज्यांच्या विहिरी बसल्या होत्या तेही मान खाली घालून बसले. तात्या खाकरले आणि म्हणाले, "जावईबापूंनी सांगितलं म्हंजी..."

"तात्या, थांबा," मी म्हणाले आणि उभी राहिले.

आमच्या गावात मी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. माहेरी 'हे' म्हणायचं, ही सवयच होती. त्या दिवशी मी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मला विचारायचा हक्क नाही, पण सांगायचा आहे. मागच्या वेळी मी बेलभंडाराला हात लावला होता. तो हात मी आज काढून घेते. हे जे समोर उभे आहेत, निरंजन टिपणीस, ते आजपासून माझे पती नाहीत. कागद यथावकाश होतील. पण आत्ता, या घटकेपासून, ते करंजओढ्याचे जावई नाहीत. सरकारचे अधिकारी आहेत. काय विचारायचं ते विचारा."

निरंजन माझ्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी अंगावरचं घोंगडं ओढून घ्यावं, तसा तो उघडा वाटत होता. पाहुणे कानातली यंत्रं नीट करत होते, बहुधा भाषांतर चुकलं असं वाटून.

दादा मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. वहिनीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग पदर सारखा करून ती खुर्चीतून उठली. माझ्या लग्नापासून आजवर तिनं निरंजनला 'पाव्हणं' याशिवाय दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "धूर तुम्ही लाल थराच्या वर सोडलाय, का खाली?"

"वर," निरंजन म्हणाला.

"आन नवीन भोकं पाडणार ती?"

"तीही वरच."

"मग पिण्याच्या हिरीचं पाणी ऱ्हाईल का, साहेब?"

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "नाही राहणार."

त्यानंतर बांध फुटला. तात्यांनी विचारलं, साहेब, माझी बोअर का बसली. मागच्या बाजूनं एका सुनेनं विचारलं, साहेब, हे सोडावाटर लेकरांना पाजलं ते चालतंय का. कारखान्यातल्याच एका पोरीनं विचारलं, साहेब, आमच्या नोकऱ्या राहणार का. निरंजन प्रत्येकाला उत्तर देत होता, एकही उत्तर टाळत नव्हता. हेग्लुंडबाईंनी पिशवीतून तो मी दिलेला दगडाचा तुकडा काढला, टेबलावर ठेवला आणि मला काही न विचारता निघून गेल्या. संमतीसाठी हात वर करायला सांगितले तेव्हा एकही हात वर झाला नाही.

पुढचं तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. वरची छिद्रं बंद झाली. पिण्याची विहीर राहिली. दादाची राहिली नाही, ती आता नुसता खड्डा आहे. सहांपैकी चार कंपन्या दुसऱ्या देशात गेल्या. दोन थांबल्या आहेत, खालपर्यंतचं छिद्र होईपर्यंत. गावातली काही पोरं कामावरून घरी आली आणि त्यातली काही माझ्याशी बोलत नाहीत. एका वर्तमानपत्रानं मला देशाचं निमंत्रण मोडणारी बाई म्हटलं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण ते निमंत्रण मीच जगभर वाटलं होतं.

सभा उठल्यावर निरंजन गाडीशी माझी वाट बघत उभा होता.

"तू ते सभेपुरतं म्हणालीस ना?" त्यानं विचारलं. "त्यांनी विचारावं म्हणून?"

सकाळी घरातून निघताना मलाही तसंच वाटलं होतं. मी त्याच्या बेलभंडार उचललेल्या हाताकडं पाहिलं.

"तू विचारलंस म्हणून खरं सांगते," मी म्हणाले. "नाही. सभेपुरतं नव्हतं."

तो गाडीत बसला आणि गाडी निघाली. वळणावर धूळ उडाली तेव्हा मला मागं कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. दादा होता. जावई रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून त्यानं सकाळीच मळ्यातली बरी बरी अंजिरं निवडून पाटी भरून ठेवली होती, वर अंजिराचीच पानं झाकली होती. ती पाटी तो दोन्ही हातांत धरून रस्त्याकडं बघत होता.

"वैजे," तो म्हणाला, "ही आता कुणाला द्यायची?"